उंबराच्या पानावरचे फोड

माझ्या मोबाइलवर रोज सकाळी पानांचे फोटो येतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणीतरी माझा नंबर शेतकऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकला आणि आता तो तिथून निघण्याची आशा मी सोडली आहे. सर, करंजाच्या पानाला बोटं फुटली. सर, आंब्याच्या पानावर मोहरीएवढे दाणे आले. सर, शाळेसमोरच्या सप्तपर्णीची पानं पार गाठींनी भरली, लेकरांना लागण तर नाही होणार? मी चहा घेता घेता उत्तरं देतो, आणि सगळ्यांना आधी एकच विचारतो, हे कधीपासून आहे? लोकांना वाटतं सर फार अनुभवी. आमच्या घरातली मंडळी सोडली तर हा समज सगळीकडे आहे. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकानं शिकवला नाही. तो शिकण्यासाठी आमच्या विहिरीवरचा उंबर पडावा लागला, आणि तो मी पाडला. कुऱ्हाड उचलली नाही, तेवढा कामाचा मी कधीच नव्हतो. मी फक्त एक चिठ्ठी लिहिली.

आमचं वावर वलगावच्या पुढे, नदीच्या अंगाला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, कधी फुलकोबी. बाबा सकाळी माल घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचे आणि बाकी सगळं घर उरलेला दिवस दुसऱ्या सकाळची तयारी करायचं. ती तयारी व्हायची उंबराखाली. विहिरीला लागून असलेलं ते झाड एवढं पसरलेलं होतं, की वैशाखातसुद्धा त्याच्या खालची माती पायाला गार लागायची. तिथे एक ताडपत्री, पाण्याचा हौद, ओल्या पोत्यांचा ढीग, आणि त्या सगळ्याच्या मधोमध वच्छलाआत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच ती परत आली होती. का आली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. आली त्या दिवशी ती म्हणे घरात न शिरता सरळ वावरात गेली, उंबराखाली बसली आणि समोर पडलेल्या मेथीच्या जुड्या बांधायला लागली. तेव्हापासून ती तिथेच होती. तिची मूठ हाच आमचा तराजू. अंबाडीच्या ओल्या दोऱ्याचा एक फेरा, एक गाठ, की जुडी बाजूला. बाजारात बाबांच्या जुडीला मान होता तो आत्याच्या मुठीचा.

त्या झाडाखालचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पिकलेली उंबरं ताडपत्रीवर पडायची, टप, टप, आणि मग एकदम पाच-सहा. वर हरियलांचा थवा आला की पानांआडून त्यांची शीळ ऐकू यायची आणि पक्षी मात्र एकही दिसायचा नाही. मोटार सुरू झाली की हौदात पाणी धबधबायचं आणि आत्याला मोठ्यानं बोलावं लागायचं, म्हणून ती मोटार सुरू असताना बोलतच नसे. दुपारी माय घरून भाकरी घेऊन यायची. ज्वारीची भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी, आणि उंबराला कोवळी फळं असली की त्यांची तिखट भाजी. वांगी जोरात असली की आत्या तीन वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या विस्तवात टाकायची आणि तिथेच भरीत करायची. राखेचा एखादा कण दाताखाली आला नाही तर ते भरीत मी भरीत मानत नाही. आमच्या सूनबाई गॅसवर जाळी ठेवून करतात, छान करतात, मी दोनदा वाढून घेतो आणि मनातल्या मनात नावं ठेवतो.

अशा घरातून मी अमरावतीला कॉलेजात गेलो, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी काय शिकतो हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही नव्हतं. पण मी एक भिंग विकत घेतलं होतं. ते काळ्या दोऱ्यानं गळ्यात बांधून मी गावातून हिंडायचो. कुणाच्या लिंबोणीचं पान भिंगाखाली धर, कुणाच्या बाभळीची शेंग फोडून बघ, असं माझं चालायचं. एकदा शेजाऱ्यांच्या म्हशीचं कातडंही तपासलं आणि तिनं मला शेणाच्या खड्ड्यापर्यंत पोचवलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात, माझ्याकडे तर अर्धंही नव्हतं, नुसता हळदीचा हात लागला होता. कॉलेजात एका तासाला सरांनी पानावरची एक गाठ कापून आतली अळी दाखवली होती. सूक्ष्मदर्शकाशी रांग मोठी होती, माझ्या वाट्याला अर्धं मिनिट आलं. त्या अर्ध्या मिनिटावर माझी सगळी विद्या उभी होती.

त्या वर्षी आमची वांगी बिघडली. झाडं वाढत होती, पण पानं बारीक बारीक यायला लागली, फांद्या एकाच जागी गर्दी करायला लागल्या आणि झाड झाडूसारखं दिसायला लागलं. फूल धरेना, वांगं तर नाहीच. बाबा रोज संध्याकाळी ओळीओळीनं हिंडायचे आणि परत यायचे. संक्रांतीच्या आसपास एका संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "मनू, तू शिकून राह्यला ना हे झाडापाल्याचं. जरासं पाय बरं वांग्याले काय झालं." आमच्या बोलीत पाय म्हणजे पाहा. बाबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं होतं. तोवर ते मला फक्त सांगायचे. माझी छाती एवढी फुगली की गळ्यातलं भिंग पुढे आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी वांग्यात बसलो. पानं पाहिली, देठ पाहिले, एक झाड मुळासकट उपटून पाहिलं. मला काहीही कळलं नाही. दुपारी मान खाली घालून उंबराखाली येऊन पडलो. वर पाहिलं तर उंबराच्या पानांवर फोड होते. हिरवे, काही लालसर, हरभऱ्याएवढे, पान पान भरून. ते फोड मी जन्मापासून पाहत आलो होतो, म्हणजे कधीच पाहिले नव्हते. मी उठलो, बाबांच्या दाढीचं पातं आणलं आणि एक फोड कापला. आत पोकळी, आणि पोकळीत एक चपटा, फिक्का जीव, अंगाला पांढरी पूड लागलेला. दुसरा कापला, तिसरा कापला. प्रत्येकात भाडेकरू हजर. माझं डोकं धावायला लागलं. उंबराला कीड, उंबराच्या बाजूला वांगी, वांग्यांना रोग. मला बाकी काही नको होतं. मी वही काढली आणि तिथेच लिहायला बसलो. शेजारी आत्या जुड्या बांधत होती. ती काहीतरी बोलली. मी वर न पाहता "हूं" म्हटलं. ती पुन्हा काही बोलली नाही.

संध्याकाळी बाबांना मी सगळं समजावून सांगितलं. उंबरावरची कीड वांग्यावर उतरली आहे, झाड आहे तोवर वांगी होणार नाहीत. बाबांनी पातं लावून कापलेलं पान हातात घेतलं आणि आतला किडा बराच वेळ पाहिला. मायचा जीव खालीवर झाला. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, त्याला कुऱ्हाड लावायची म्हणजे काय, गुरुवारी तिथे दिवा लागतो आपला, आणि पोट्ट्यानं अजून पहिली परीक्षाही दिली नाही. तिचं म्हणणं सगळं बरोबर होतं. बाबा दोन दिवस विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, लिहून दे. आमच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी असली की माणूस निश्चिंत होतो, मग गोळी लागू पडो न पडो. बाबांना वाचता येत नव्हतं, आणि म्हणूनच लिहिलेल्या कागदावर त्यांचा असा विश्वास होता, जो वाचता येणाऱ्याचा कधी नसतो. गावाला दाखवायला कागद हवा आणि देवाला दाखवायलाही हवा, असं त्यांचं म्हणणं.

मी लिहून दिलं. मजकूर मला अजून पाठ आहे, कारण तो मी चार वेळा खाडाखोड करून बसवला होता. "सदर उंबराच्या झाडावर कीडजन्य गाठी आढळून आल्या असून सदर कीड वांगी पिकावर उतरल्याचे तपासाअंती निष्पन्न झाले आहे. करिता सदर झाड तातडीने काढून टाकणे इष्ट आहे." खाली सही, आणि सहीखाली कंसात बी.एस्सी. (भाग एक). सदर हा शब्द तीनदा आल्यामुळे मजकुराला वजन आलं असं माझं मत होतं. मायनं ती चिठ्ठी घेतली, देव्हाऱ्यात दत्ताच्या तसबिरीसमोर ठेवली आणि उडू नये म्हणून वर सुपारी ठेवली. दत्तानं ती वाचली असणार, पण तो काही बोलला नाही.

गावातले झाड तोडणारे उंबराला हात लावायला तयार झाले नाहीत. बाबांनी मोर्शीकडून दोन माणसं आणली. ती माणसंही झाड पाहून थबकली. त्यांतला म्हातारा म्हणाला, कागद आहे म्हणता तर वाचून दाखवा. मग मी घरून चिठ्ठी आणली, विहिरीच्या कठड्यावर उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचली. म्हाताऱ्यानं टोपी काढून ऐकली. बाबा खाली उभे होते आणि वर माझ्याकडे पाहत होते. त्यांचा तो चेहरा मला नंतर कुठल्या पदवीच्या वेळी दिसला नाही. मग कुऱ्हाडी सुरू झाल्या. मायनं नारळ फोडला आणि घरी निघून गेली. आत्या मेथीच्या वाफ्यात आमच्याकडे पाठ करून खुरपत बसली. त्या वाफ्यात खुरपण्यासारखं काही नव्हतं, तो तिनं आदल्या दिवशीच खुरपला होता. चिठ्ठी मी पुन्हा सुपारीखाली ठेवली.

उंबर पडल्यावर विहीर एकदम उघडी दिसायला लागली. लाकूड तिथेच पडून राहिलं, कारण उंबर चुलीत घालायला कुणी धजेना. हरियल चार दिवस येत राहिले, विजेच्या तारेवर ओळीनं बसायचे आणि खाली पाहायचे. आत्यासाठी बाबांनी चार बांबू रोवून वर जुनं लुगडं बांधलं. लुगड्याची सावली ती केवढी, आणि ती सरकायची. आत्या तिच्या मागे पोतं सरकवत जायची. फाल्गुन सरता सरता ऊन असं तापलं की सांबाराच्या जुड्या बांधता बांधता मान टाकायला लागल्या. पोती भिजवून भिजवून आत्याच्या बोटांना भेगा पडल्या. बाजारात गिऱ्हाइकं बाबांना विचारायला लागली, काहो, यंदा माल शिळा का वाटतो? आत्या जुड्या बांधत राहिली. दिवसअखेर भाजी धुतलेलं पाणी ती घमेल्यानं नेऊन उंबराच्या बुडावर ओतायची. मला वाटायचं, वीस वर्षांची सवय आहे, म्हातारपणी सवयी सुटत नाहीत. तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. आज मी सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे आणि मला कुणी म्हातारं म्हटलेलं खपत नाही.

मी दरम्यान कीर्तीच्या मागे होतो. आमच्या कॉलेजातल्या सरांकडून ओळखीची चिठ्ठी घेतली (चिठ्ठ्यांचा तो काळच होता) आणि एसटीनं अकोल्याला गेलो. तिथे किडींचे मोठे जाणकार असलेले एक सर होते, त्यांना माझा शोध दाखवायचा होता. बिस्किटांच्या डब्यात उंबराची वाळलेली पानं नीट रचून नेली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात त्या किडीचं बारसंही उरकलं होतं, आणि नाव अर्थातच माझं होतं. सर जेवायला बसले होते. त्यांनी एका हातानं भाकरी खात दुसऱ्या हातानं पान उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, अरे वा, फार सुंदर नमुना आहे. मग त्यांनी मला अर्धा तास जे सांगितलं, त्यावर मी पुढे आयुष्यभर पोट भरलं.

ते म्हणाले, हा फोड कीड बांधत नाही, पान बांधतं. कीड एवढीशी, ती पानाला कुठेतरी टोचते आणि पान तिच्याभोवती घर उभं करतं, भिंतीसकट, जेवणासकट. प्रत्येक किडीचं झाड ठरलेलं आणि घराचा नमुनाही ठरलेला. करंजावरची ती करंजावरच, आंब्यावरची आंब्यावरच. उंबरावरच्या या बाईला दुसऱ्या झाडावर नेऊन सोडलं तर तिला ना खाता येईल ना घर मागता येईल. मी हळूच विचारलं, वांग्यावर सोडली तर? सर म्हणाले, उपाशी मरेल. आणि उंबराचं काय, मी विचारलं, तो नाही मरत? ते हसले. हे दोघं माणसाच्या आधीपासून एकत्र नांदताहेत, म्हणाले, थोडी कुरकुर होत असेल, पण घर मोडलेलं नाही. मग त्यांना एकदम आठवलं. म्हणाले, तुझ्या घरी लहान लेकराला घुटी उगाळतात ना? त्यातलं मायफळ हे फळ नव्हेच, तीही अशीच गाठ आहे, थंड मुलखातल्या झाडावरची. तूसुद्धा लहानपणी किड्याचं घर चाटून मोठा झालास. वांग्यांची लक्षणं ऐकून त्यांनी दोन वाक्यांत निकाल दिला. तो रोग तुडतुडे पसरवतात, बिघडलेली झाडं दिसताच उपटून जाळायची.

मी डबा बंद करत होतो. सर म्हणाले, झाड चांगलं जुनं दिसतंय, पुढच्या आठवड्यात मी अमरावतीला आहे, बघायला येतो. मी म्हटलं, झाड पाडलं, सर. त्यांचा घास हातात राहिला. त्यांनी विचारलं कुणी पाडलं, आणि मी म्हटलं, आमच्याकडे एकजण आहे, त्याच्या सांगण्यावरून. "गाढव आहे," सर म्हणाले. मी म्हटलं, "हो सर. घरचंच आहे." त्यांच्या लक्षात आलं की नाही ते मला पुढे दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकूनही कळलं नाही. स्टँडवर आल्यावर मला वाटलं होतं की दुःखानं अन्न गोड लागणार नाही, पण मी दोन कचोऱ्या खाल्ल्या. परतीच्या गाडीत मात्र खिडकीतून जे जे उंबर दिसले ते मी मोजत होतो, आणि रडू येत होतं.

घरी आलो आणि गप्प बसलो. हे लिहायला मला आजही लाज वाटते, पण महिनाभर मी गप्प बसलो. बाबा रोज बाजारातून आले की विचारायचे, अकोल्याचे सर काय म्हणाले? मी सांगायचो, नमुना सुंदर आहे म्हणाले. एवढं तरी खोटं नव्हतं. बाबांनी जुनी वांगी काढून नवी लावली होती. मी तुडतुड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण तुडतुडे म्हटलं की उंबर निर्दोष ठरत होता. चैत्र सरता सरता नव्या रोपांची पानंही बारीक यायला लागली. एका संध्याकाळी बाबा उंबराच्या बुडापाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "मुळं राह्यली असतीन आतमधी. अक्षय तृतीया झाली का खोदून काढू अन् जाळू. तुही चिठ्ठी तं पक्की हाय ना?" मी मान हलवली. ती होकारार्थी हलली.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी माय देव्हारा पुसत होती. सगळे देव ताटात काढून ठेवले होते. तिनं सुपारी उचलली, खालची चिठ्ठी दोन बोटांत धरली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "हे ठेवू का काढू?" तिला काही कळलं होतं असं मला वाटत नाही. तिला फक्त देव्हारा पुसायचा होता. पण माझ्यानं राहवलं नाही. मी तिच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि भर दुपारी वावरात गेलो.

आत्या लुगड्याच्या सावलीत बसली होती, म्हणजे डोकं सावलीत आणि पाय उन्हात. मी जवळ गेलो तर तिच्यामागचं उंबराचं बूड दिसलं. आजूबाजूची जमीन भेगाळली होती आणि बुडाभोवतीची माती काळी ओली होती. सालीला फोडून वीतभर कोंब आले होते, पाच-सहा, लालसर पानांचे. मी रोज तिथून जात होतो. मी खाली बसलो. आधी दोन जुड्या बांधल्या, त्या तिनं सोडून पुन्हा बांधल्या. मग मी म्हटलं, "आत्या, त्या फोडाचा अन् वांग्याचा काई संबंध नव्हता. चुकलं माहं."

तिनं हातातली जुडी पुरी केली. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "ते फोड मी आली तवापासून हायेत. दरसाल येतेत. वांगी बी दरसाल झाली."

"मंग तवाच बोलली काहून नाई?"

"बोलली होती," आत्या म्हणाली. "तू लिवून राह्यला होता."

त्यानंतर तिनं आणखी थोडं सांगितलं, मेथी निवडता निवडता, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. पुन्हा बोलायचं तिच्या मनात होतं. पण त्या संध्याकाळी तिनं भावाचा चेहरा पाहिला. मुलगा आपल्याला काही समजावून सांगतो आहे, हे सुख तिनं त्याच्या तोंडावर पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच्या आड यायला तिचं मन झालं नाही. झाडाचं काय, बूड जिवंत असलं की उंबर पुन्हा येतो, एवढं तिला माहीत होतं. म्हणून ती पाणी घालत राहिली. मी तिच्या पायाशी बसून रडलो. तिनं रडू दिलं, आणि मग म्हणाली की रडणं झालं असेल तर पोती भिजव.

बाबांना मी जेवताना सांगितलं. सगळं सांगितलं, तुडतुडे, मायफळ, गाढव, आणि महिनाभराचं गप्प बसणं. माय भाकरी थापता थापता थांबली. बाबा जेवत राहिले. मला वाटलं आता कॉलेज बंद होणार, आणि खरं सांगतो, मला ते न्यायाचं वाटलं असतं. त्यांनी भाकरी संपवली, ताटात हात धुतले आणि म्हणाले, "अर्धं शिकून झाड पाडलं. आता पूरं शिक. नाई तं उद्या इहीर बुजवशीन." मी अकोल्याला किडी शिकायला गेलो तो असा. इतर लोक हुशारीमुळे उच्च शिक्षण घेतात, मला ते घरच्यांनी खबरदारी म्हणून दिलं. चिठ्ठी बाबांनी मागून घेतली आणि बंडीच्या खिशात ठेवली. पुढे पाहुणे आले की ते ती काढून त्यांच्यातल्याच कुणा शिकलेल्याकडून वाचून घ्यायचे, आणि सदर आलं की दर वेळी हसायचे. मीही हसायचो, पण मला ते जमायला काही वर्षं लागली.

दोन पावसाळे गेले. बुडाचे कोंब माझ्या डोक्याच्या वर गेले होते. त्यांची सावली एखाद्या कोंबडीला पुरली असती, पण आत्यानं आपलं पोतं तिथे नेऊन टाकलं होतं आणि लुगडं काढून टाकायला लावलं होतं. मी सुटीत घरी आलो होतो. दुपारी विहिरीवरून तिनं मला हाक मारली, कधी नव्हे ती मोटार सुरू असताना. मी धावत गेलो. तिनं एक फांदी वाकवून धरली होती. पानावर फोड आले होते. तीनच, हिरवे, बाजरीपेक्षा थोडे मोठे. आसपास दुसरा उंबर नव्हता, नदीपलीकडे होता तो कोस-दीड कोसावर. तिथून ती एवढीशी कीड आपलं झाड हुंगत आली असेल किंवा वाऱ्यावर भिरभिरत आली असेल, मला आजही नक्की सांगता येत नाही. मला एवढा आनंद झाला, की पहिल्या वर्गात आलो तेव्हाही तसा झाला नव्हता. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. वही निघाली, पेन निघालं, टोपणही निघालं.

आत्यानं फांदी सोडली नाही. म्हणाली, "लिवशीन मंग. आधी पाय."

मी पेनला टोपण लावलं आणि तिच्या शेजारी पोत्यावर बसलो.